शिकारी धनुष्य निवडताना बाणाच्या वेगाला किती महत्त्व द्यावे?

माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. तेथील सहकाऱ्यांच्या संगतीत त्याला धनुष्याने हरणाची शिकार करण्याची गोडी लागली, त्याने रीतसर परवाना काढला, आणि एका रविवारी सकाळी पुण्यात आमचा दुसरा चहा चाललेला असताना त्याचा फोन आला. "मामा, दोन बो बघून ठेवलेत. एकावर ३४० लिहिलंय, दुसऱ्यावर ३१५. ३४० वाला बराच महाग आहे, पण तोच घेऊ ना?" मी त्याला फोन ठेवायला सांगितले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या कागदावर जे आकडेमोडीने निघाले, तेच या लेखात क्रमाने मांडले आहे.

हाच प्रश्न मला पुण्यातही वारंवार विचारला जातो, कारण कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाके असलेले, धनुष्य घेऊ इच्छिणाऱ्या अनेकांना बाजारात प्रथम दिसतात ती शिकारी वर्गातली आखूड धनुष्येच. त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार संरक्षित वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि कायद्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत तसा नुसता प्रयत्न करणेही येते. ताम्हिणीच्या जंगलात रानडुकराच्या मागे जाण्याचा बेत असेल, तर हा लेख त्यासाठी नाही. येथे असे धनुष्य वापरायचे ते मैदानावर, फील्ड तिरंदाजीसाठी आणि फोमच्या प्राण्यांवर नेम धरण्याच्या थ्रीडी प्रकारासाठी. धनुष्य निवडण्याची रीत मात्र दोघांसाठी जवळजवळ सारखीच आहे.

छापील आकडा नेमका कशाचा असतो?

धनुष्याच्या माहितीपत्रकावर ३४० असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ बाण सेकंदाला ३४० फूट वेगाने सुटतो, असा होतो. पण कोणाच्या हातून, आणि कोणता बाण? बहुतेक कंपन्या हा आकडा ठरावीक परिस्थितीत काढतात: ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारे बळ) ७० पाउंड, ड्रॉ लेंथ (दोरी जितकी मागे ओढायची ते माप) ३० इंच आणि बाणाचे वजन ३५० ग्रेन, म्हणजे दर पाउंडामागे ५ ग्रेन. इंटरनॅशनल बोहंटिंग ऑर्गनायझेशन या संस्थेच्या नावावरून या आकड्याला 'आयबीओ वेग' म्हणण्याची पद्धत पडली आहे. चाचणीच्या वेळी दोरीवर पीप (नेम धरताना ज्यातून पाहायचे ते छोटे कडे) नसते, डी-लूप (दोरी ओढण्यासाठी बांधलेला छोटा फास) नसतो, आणि बऱ्याचदा दोरी ओढणारा माणूसही नसतो. ते काम यंत्र करते.

पुणेकरांना हे समजावून सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत. वेताळ टेकडीच्या अंगावर वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आहे, आणि नव्या गाडीच्या कागदावर छापलेले प्रमाणित मायलेज सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता मिळत नाही, हे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणून तो आकडा खोटा ठरत नाही. तो दोन गाड्यांची एकाच मापाने तुलना करण्यासाठी असतो. धनुष्याच्या आकड्याचेही तसेच आहे, फक्त धनुष्य घेताना माणसे हे विसरतात.

पहिली पायरी: स्वतःची ड्रॉ लेंथ काढणे

भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरावेत आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून इंचांत मोजून घ्यावे. हात ताणू नयेत, सहज पसरावेत. आलेल्या आकड्याला २.५ ने भागले की आपली अंदाजे ड्रॉ लेंथ मिळते. भाच्याचे माप ६९ इंच आले, म्हणजे ड्रॉ लेंथ साधारण साडेसत्तावीस इंच.

आता हेच गणित उलटे करून पाहावे. ३० इंच ड्रॉ लेंथ असणाऱ्या माणसाच्या हातांचा पसारा ७५ इंच असला पाहिजे, आणि हातांचा पसारा सर्वसाधारणपणे उंचीइतकाच असतो, म्हणजे तो माणूस सव्वासहा फूट उंच हवा. छापील वेग हा अशा माणसासाठी काढलेला आहे. आपल्याकडच्या साडेपाच फुटी तिरंदाजाला तो आकडा आपला वाटण्याचे काहीच कारण नाही.

वेग वाढावा म्हणून ड्रॉ लेंथ अर्धा-एक इंच जास्त ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि दुकानदारही कधीकधी त्याला हरकत घेत नाही. तसे केल्यास पुढचा कोपर ताठ होतो, दोरी हनुवटीच्या मागे जाते, मान मागे झुकते आणि सुटणारी दोरी हाताला चाटून जाते. प्रत्येक जादा इंचामागे साधारण १० फूट वेग मिळतो खरा, पण बाणांचा पुंजका विस्कटतो. येथे तडजोड करायचीच असेल तर अर्धा इंच कमी ठेवावा, जास्त ठेवू नये.

दुसरी पायरी: पेलेल तेवढेच ड्रॉ वेट

खुर्चीवर बसावे, पाय जमिनीवरून थोडे उचलावेत, धनुष्य लक्ष्याच्या दिशेने आडव्या रेषेत धरावे आणि ते वर-खाली न हलवता सरळ मागे ओढावे. धनुष्य आकाशाकडे नेल्याशिवाय दोरी ओढली जात नसेल, तर वजन जास्त आहे. कंपाऊंड धनुष्यात शेवटच्या टप्प्यावर कॅम, म्हणजे टोकांवरची चाके, फिरून भार ८० टक्क्यांपर्यंत, काही धनुष्यांत त्याहूनही अधिक, उतरतो. त्यामुळे धरून ठेवणे सोपे वाटते आणि ओढण्याचा त्रास माणूस विसरतो. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरच्या थंडीत तीन तास झाडावरच्या मचाणावर बसून आखडलेल्या खांद्यांनी तेच धनुष्य आवाज न करता ओढायचे असते, ही गोष्ट दुकानातल्या उबेत लक्षात येत नाही.

शिकारीसाठी किमान ड्रॉ वेट किती असावे, याचे नियम अमेरिकेतील अनेक राज्यांनी केलेले आहेत. ज्या राज्याचा परवाना असेल त्या राज्याचा नियम पाहावा. पुण्यात स्पर्धेसाठी धनुष्य घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की जागतिक तिरंदाजी महासंघाच्या स्पर्धांत कंपाऊंडसाठी ६० पाउंडांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे ७० पाउंडांच्या लिम्बचे (वाकणाऱ्या पात्यांचे) धनुष्य घेऊन ते बोल्ट सैल करून ६० वर आणण्यापेक्षा ६० पाउंडांचेच धनुष्य घेणे केव्हाही बरे. भाच्याने माझ्या सांगण्यावरून ६० ठरवले.

तिसरी पायरी: बाण तोलणे

बाणाचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, ४०० ग्रेनचा बाण सुमारे २५.९ ग्रॅमचा. हे वजन नळी, पंख, नॉक (दोरीत अडकणारी खाच), इन्सर्ट (टोक बसवण्यासाठी नळीत घातलेला तुकडा) आणि टोक असे सगळे धरून मोजायचे असते. माझ्याकडे तराजू नव्हता तेव्हा मी लक्ष्मी रस्त्यावरच्या ओळखीच्या सराफाकडे सहा बाण घेऊन गेलो होतो. काट्याच्या काचेच्या पेटीत बाण मावेना, म्हणून त्याने पेटीचे दार उघडे ठेवून, पंखा बंद करून, एकेक बाण आडवा ठेवला आणि मिलिग्रॅमपर्यंतचे आकडे सोन्याची पावती लिहितात तशा काळजीने लिहून दिले. सहापैकी एक बाण इतरांपेक्षा जवळजवळ पाऊण ग्रॅमने जड निघाला. तो बाण सतत दोन बोटे खाली का लागतो, हे कोडे मला अनेक आठवडे पडले होते. आता ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारे छोटे काटे स्वस्तात मिळतात. धनुष्याआधी तो घ्यावा.

दर पाउंडामागे ५ ग्रेनपेक्षा हलका बाण कधीही वापरू नये. बाण जितका हलका, तितकी धनुष्यातली ऊर्जा बाणात न जाता लिम्ब आणि कॅममध्ये परत फिरते. बाणाशिवाय दोरी सोडल्यावर जो आघात धनुष्यावर होतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे. शिकारीसाठी दर पाउंडामागे ६ ते ८ ग्रेन हा समंजस पल्ला आहे. भाच्यासाठी आम्ही ४०० ग्रेनचा बाण धरला, म्हणजे पाउंडामागे साडेसहापेक्षा थोडे जास्त.

नळीचा ताठरपणा, म्हणजे स्पाइन, हा स्वतंत्र विषय आहे. ड्रॉ वेट आणि नळीची लांबी ठरल्यावर बाण बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता पाहून तो निवडावा, एवढेच येथे पुरे. चुकीच्या स्पाइनचा वेगवान बाण कोणत्याही धनुष्यातून नीट जात नाही.

चौथी पायरी: वजाबाकी

आता छापील आकड्यातून आपला आकडा काढायचा. यासाठी ढोबळ ठोकताळे पुरेसे आहेत. ड्रॉ लेंथ ३० इंचांपेक्षा जितके इंच कमी, तितक्या वेळा १० फूट वजा करावेत. ड्रॉ वेट ७० पाउंडांपेक्षा जितके पाउंड कमी, तितक्या वेळा २ फूट वजा करावेत. बाण ३५० ग्रेनपेक्षा जितका जड, त्यातील दर ३ ग्रेनमागे १ फूट वजा करावा. पीप, डी-लूप आणि दोरीवरच्या इतर जोडण्यांसाठी आणखी ५ फूट सोडावेत.

भाच्याच्या पहिल्या धनुष्याचा हिशेब असा झाला: ३४० मधून ड्रॉ लेंथचे २५ गेले, उरले ३१५. वजनाचे २० गेले, उरले २९५. बाणाचे १७ गेले, उरले २७८. जोडण्यांचे ५ गेले, उरले २७३. दुसऱ्या धनुष्याचा तोच हिशेब ३१५ वरून २४८ वर आला. प्रत्यक्षात दोघांमधला फरक याहून थोडा कमीच निघतो, कारण मंद धनुष्यातून वजा होणारे आकडेही त्या प्रमाणात लहान असतात. पण वेगवान धनुष्याच्या बाजूने झुकते माप देऊन आपण २५ फुटांचा फरक पूर्ण धरू. मीटरमध्ये सांगायचे तर एक बाण सेकंदाला ८३.२ मीटर आणि दुसरा ७५.६ मीटर वेगाने सुटतो.

पाचवी पायरी: हा फरक लक्ष्यावर किती दिसतो?

येथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून थोडे थांबून पाहू. बाण सुटल्या क्षणापासून गुरुत्वाकर्षणामुळे खाली येऊ लागतो. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर ४० मीटरवर वेगवान बाण, सुटताना त्याची नळी ज्या रेषेत रोखलेली असते त्या रेषेपासून, सुमारे ११३ सेंटिमीटर खाली येतो आणि मंद बाण सुमारे १३७ सेंटिमीटर. चोवीस सेंटिमीटरचा हा फरक ऐकून लोक ३४० वाले धनुष्य घेऊन मोकळे होतात.

पण आपण नळीच्या रेषेवर नेम धरत नाही. साइटच्या, म्हणजे धनुष्यावर बसवलेल्या नेमाच्या चौकटीच्या, पिनवर धरतो; प्रत्येक पिन एकेका अंतरासाठी लावलेली असते. ४० मीटरची पिन ४० मीटरला लावलेली असली की दोन्ही धनुष्यांचे बाण ४० मीटरवर एकाच ठिकाणी लागतात. घसरण किती, हा प्रश्नच उरत नाही. वेगाचा उपयोग होतो तो फक्त अंतराचा अंदाज चुकला तर. समजा, प्राणी ४३ मीटरवर उभा आहे आणि आपण त्याला ४० मीटरवर समजून त्या पिनने बाण सोडला. वेगवान बाण सुमारे ९ सेंटिमीटर खाली लागेल, मंद बाण सुमारे ११ सेंटिमीटर. फरक दोन सेंटिमीटरहून किंचित कमी. २० मीटर समजून प्रत्यक्षात २२ मीटर निघाले, तर दोन्हींमध्ये फरक ७ मिलिमीटरचा.

तिसरा चहा बाजूला ठेवून मी हे गणित दोनदा तपासले, कारण मलाही पहिल्यांदा ते खरे वाटले नव्हते. हातातली किंमत पाहावी: दोन धनुष्यांच्या किमतीतील फरकाच्या काही अंशात अंतर मोजणारा एक चांगला लेझर रेंजफाइंडर येतो, आणि तो अंतराची चूक दोन-तीन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणतो. मंद धनुष्य आणि रेंजफाइंडर ही जोडी वेगवान धनुष्य आणि डोळ्याच्या अंदाजापेक्षा स्पष्टपणे सरस ठरते.

वेग म्हणजे अचूकता नव्हे, याचा पुरावा पुण्यातच रोज पाहायला मिळतो. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये घडलेला, फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह, म्हणजे कॅम नसलेल्या, धनुष्याने खेळला. रिकर्व्हचा बाण कंपाऊंडच्या बाणापेक्षा बराच संथ असतो, आणि तरीही त्या प्रकारात ७० मीटरवरून १२.२ सेंटिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळात बाण मारायचे असतात. कंपाऊंडमध्ये २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवून विजेता झाला आणि साताऱ्याची अदिती स्वामी महिलांमध्ये विजेती झाली. ती स्पर्धा ६० पाउंडांच्या मर्यादेत, ५० मीटरच्या ठरलेल्या अंतरावरून झाली होती.

प्राणी आवाज ऐकून हलला तर?

वेगाच्या बाजूने शिकारी लोक एक मुद्दा हटकून मांडतात: दोरीचा आवाज ऐकून हरीण खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो, म्हणून बाण जलद हवा. मुद्दा खरा आहे, निष्कर्ष कच्चा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३० मीटरवर तो ०.०९ सेकंदात पोचतो. वेगवान बाणाला तेथे पोचायला ०.३६ सेकंद लागतात, मंद बाणाला ०.४० सेकंद. म्हणजे हरणाला एका बाबतीत ०.२७ आणि दुसऱ्या बाबतीत ०.३१ सेकंदांची सूचना मिळते. कोणतेही धनुष्य आवाजाला मागे टाकू शकत नाही. आवाजच कमी करणे आणि अंतर कमी ठेवणे हे दोनच उपाय हाती उरतात, आणि जड बाण धनुष्यातली जास्त ऊर्जा सोबत घेऊन जात असल्याने त्याने सुटलेले धनुष्य शांत असते.

भेदण्याची ताकद

बाणाची गतिज ऊर्जा काढण्यासाठी ग्रेनमधल्या वजनाला वेगाच्या वर्गाने गुणावे आणि ४,५०,२४० ने भागावे. उत्तर फूट-पाउंडांत मिळते. भाच्याच्या वेगवान धनुष्याची ऊर्जा ६६ आणि मंद धनुष्याची जवळजवळ ५५ फूट-पाउंड आली. बाण बनवणाऱ्यांच्या प्रचलित तक्त्यांत हरणासाठी २५ ते ४१ आणि एल्कसारख्या मोठ्या प्राण्यासाठी ४२ ते ६५ फूट-पाउंड पुरेसे मानले जातात. म्हणजे ज्या प्राण्यासाठी तो धनुष्य घेत होता, त्याच्या गरजेपेक्षा मंद धनुष्यही पुढे होते.

आत शिरण्याचा विचार करताना ऊर्जेपेक्षा संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, अधिक उपयोगी पडतो. मंद धनुष्यावर ४०० ऐवजी ४७० ग्रेनचा बाण लावला तर त्याचा वेग २३० फुटांच्या आसपास उतरतो, पण संवेग वेगवान धनुष्याच्या ४०० ग्रेनच्या बाणाएवढा होतो. तो फरक भरून काढायला एक इन्सर्ट आणि जरा जड टोक पुरते. शिवाय रुंद पात्याचे शिकारी टोक, म्हणजे ब्रॉडहेड, फार वेगात लहान पंखासारखे वागू लागते. धनुष्याची जुळणी किंचित चुकलेली असली, तरी सरावाच्या टोकाने नीट जाणारा बाण ब्रॉडहेड लावल्यावर बाजूला सरकतो. ज्या टोकाने शिकार करायची, त्याच टोकाने सराव करणे हा यावरचा एकमेव इलाज आहे.

वेगाची किंमत कोठे मोजावी लागते?

धनुष्य वेगवान करण्याच्या युक्त्या मोजक्याच आहेत, आणि प्रत्येकीची किंमत तिरंदाज मोजतो. सर्वांत मोठी युक्ती म्हणजे ब्रेस हाइट कमी करणे. दोरी ओढलेली नसताना ती मुठीच्या खोलगट भागापासून किती दूर आहे, त्या अंतराला ब्रेस हाइट म्हणतात. ते ७ इंचांऐवजी ६ इंच केले की दोरी बाणाला एक इंच जास्त ढकलते आणि साधारण १० फूट वेग वाढतो. पण तेवढा काळ बाण दोरीला जास्त चिकटून राहतो, आणि तेवढ्या काळात मुठीचा प्रत्येक पिळा त्याच्यापर्यंत पोचतो. भाच्याच्या बाबतीत आणखी एक अडचण होती: थंडीत अंगावर जाड कोट असणार आणि आखूड ब्रेस हाइटच्या धनुष्याची दोरी त्याच्या बाहीला घासणार.

दुसरी युक्ती कॅमच्या आकाराची. वेगवान कॅम सुरुवातीपासूनच पूर्ण भार अंगावर टाकतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. मग अचानक कड्यावरून पडावे तसा भार उतरतो. पूर्ण ओढलेल्या स्थितीत हात जरा ढिला पडला की दोरी पुढे खेचली जाते. मऊ कॅममध्ये भार उतरलेला असतो ती जागा रुंद असते आणि थकलेल्या खांद्याला ती सवलत हवीहवीशी वाटते.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः आकड्याला भुलून सहा इंचांहूनही कमी ब्रेस हाइटचे, ७० पाउंडांचे धनुष्य घेतले. पहिल्या दहा बाणांत ते अप्रतिम वाटे. विसाव्या बाणानंतर डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोरीचा वळ उठे, आणि तिसाव्या बाणापर्यंत पुंजका बशीएवढा असायचा तो ताटाएवढा होई. मी दोष स्वतःच्या सरावाला दिला आणि सराव वाढवला. दीड महिन्याने उजवा खांदा रात्री झोपू देईना, तेव्हा डॉक्टरांनी तीन महिने धनुष्याला हात लावू नका म्हणून सांगितले. ते धनुष्य मी पुढे निम्म्या किमतीत विकले. घेणारा सव्वासहा फूट उंच होता, आणि त्याच्या हातात ते उत्तम चालते.

वेगाला खरोखर महत्त्व कोणी द्यावे?

वर जे लिहिले ते सर्वांना सारखे लागू नाही. ज्यांची ड्रॉ लेंथ २५-२६ इंच आणि पेलणारे वजन ४०-४५ पाउंड आहे, अशा महिला, किशोरवयीन मुले आणि लहान चणीचे पुरुष यांच्या बाबतीत वजाबाकीनंतर उरणारा आकडा २०० च्या जवळ येऊ शकतो. तेथे धनुष्याची कार्यक्षमता महत्त्वाची ठरते, कारण ड्रॉ लेंथ वाढवता येत नाही आणि वजन वाढवू नये. अशांनी ३० इंचांच्या छापील आकड्याकडे न पाहता त्यांच्याच मापाच्या धनुष्याचा प्रत्यक्ष वेग दुकानात मोजून मागावा.

दुसरा अपवाद थ्रीडी खेळणाऱ्यांचा. त्या प्रकारात लक्ष्याचे अंतर सांगितलेले नसते आणि रेंजफाइंडर वापरता येत नाही. कंपाऊंडला ४५ मीटरपर्यंत अंदाजानेच नेम धरावा लागतो. दोन सेंटिमीटरही तेथे गुण घालवतात, म्हणून वेगाला थोडे झुकते माप देणे योग्य आहे. तरीही ते ब्रेस हाइट साडेसहा इंचांच्या खाली न नेता द्यावे, असे माझे मत आहे.

आपल्या धनुष्याचा वेग मैदानावर मोजण्याची रीत

क्रोनोग्राफ, म्हणजे बाणाचा वेग मोजणारे यंत्र, मिळाला तर प्रश्नच मिटला. नसेल तर मोजपट्टी पुरते. वारा पडलेला असताना, शक्यतो सकाळी, २० मीटरवर पिन अचूक लावून घ्यावी. मग त्याच पिनने, नेमाचा बिंदू न बदलता, बरोबर ३० मीटरवरून सहा बाण सोडावेत. अंतर टेपने मोजावे, पावलांनी नव्हे. बाण नेमाच्या बिंदूखाली जितके लागतील त्याची सरासरी काढावी. पीप आणि बाण यांच्यात उभे अंतर असते, साधारण १० सेंटिमीटर. त्याच्या निम्मे, म्हणजे ५ सेंटिमीटर, या सरासरीत मिळवावेत. आलेली बेरीज मीटरमध्ये लिहावी, १४७१.५ ला तिने भागावे आणि भागाकाराचे वर्गमूळ काढावे. उत्तर म्हणजे मीटर प्रति सेकंदातला वेग. फुटांसाठी त्याला ३.२८ ने गुणावे.

हडपसरच्या बाजूला आम्ही सराव करतो त्या मैदानावर माझी सरासरी १९ सेंटिमीटर आली. त्यात ५ मिळवून ०.२४ मीटर झाले, भागाकार ६१३१ आणि वर्गमूळ ७८.३, म्हणजे सुमारे २५७ फूट. माझ्या धनुष्यावर छापलेला आकडा ३३२ आहे. मोजणीत एका सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर साधारण पाच फुटांनी बदलते, म्हणून बाण मोजताना घाई करू नये.

हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवावा आणि दर काही महिन्यांनी प्रयोग पुन्हा करावा. वेग अचानक कमी झाला, तर बहुधा दोरी ताणली गेलेली असते किंवा कॅमची जुळणी सरकलेली असते. एप्रिल-मेच्या पुण्याच्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवले की दोरी लांबते, आणि बाणाच्या टोकाजवळचा गरम करून लावलेला डिंकही सैल पडतो.

दुकानात उभे राहिल्यावर

दोन्ही धनुष्ये आपल्या ड्रॉ लेंथवर आणि आपल्या वजनावर लावून मागावीत; दुकानदार नाही म्हणाला तर दुसरे दुकान पाहावे. पहिल्या पाच बाणांवरून काहीही ठरवू नये. प्रत्येकातून तीस बाण सोडावेत आणि शेवटच्या सहांचा पुंजका पाहावा. त्यानंतर पूर्ण ओढलेल्या स्थितीत, बाण दोरीला लावलेला आणि लक्ष्याकडे रोखलेला असताना, किती सेकंद पिन स्थिर राहते ते घड्याळावर पाहावे आणि बाण न सोडता दोरी सावकाश परत सोडावी. दोरी परत सोडताना जे धनुष्य खांद्याला हिसका देते, ते जंगलातही देणार.

भाच्याने पुढच्या शनिवारी हे सगळे केले आणि रात्री, म्हणजे आमच्या रविवारी सकाळी, पुन्हा फोन केला. ३४० वाल्यावर त्याची पिन पंचवीस सेकंदांत थरथरू लागली होती; ३१५ वाल्यावर तो पन्नास सेकंद थांबला आणि मग कंटाळून दोरी सोडली. उरलेल्या पैशांतून त्याने रेंजफाइंडर घेतला. "पण मामा," तो म्हणाला, "दुकानातला माणूस म्हणतोय, दोरी बदलली तर अजून पाच-सात फूट वाढतील. बदलू का?"

मी त्याला आधी बाण तोलायला सांगितले.